कामिनोची सॅक: सव्वापाच किलोत पस्तीस दिवस

सँ-जाँ-पिए-द-पोर या फ्रान्समधल्या छोट्या गावातून मी चालायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या पाठीवर ९ किलो ८०० ग्रॅमची सॅक होती. पस्तीस दिवसांनी स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पोचले, तेव्हा तीच सॅक ५ किलो २९० ग्रॅमवर आली होती. मधल्या सुमारे ७८० किलोमीटरमध्ये 'अरेरे, ते टाकायला नको होतं' असं एकदाही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, एका गोष्टीसाठी वाटलं. ती पुढे सांगते.

या वाटेला कामिनो फ्रान्सेस म्हणतात. संत याकोबाच्या समाधीकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी ही सगळ्यात गजबजलेली. घरी सांगितलं की हमखास प्रश्न येतो, 'म्हणजे वारीसारखंच का?' थोडं तसं, थोडं नाही. वारीत दिंडीचा ट्रक असतो, वळकटी त्यावर टाकली की माणूस मोकळा. इथे दिंडी नाही, विणेकरी नाही, आणि ट्रकही आपण वेगळे पैसे देऊन बोलावला तरच येतो. म्हणून पाठीवर काय घ्यायचं हा प्रश्न इथे फार मोठा होतो.

माझी चूक सरळ होती. मी पस्तीस दिवसांचं सामान भरलं. भरायचं असतं एका दिवसाचं, आणि तेच पस्तीस वेळा वापरायचं. रोज दुपारी मुक्कामाला पोचता, अंघोळ करता, कपडे धुता, जेवता, झोपता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाटेत दर काही किलोमीटरवर गाव आहे, मोठ्या गावात औषधांचं दुकान आहे, किराणा आहे. हिमालयातल्या ट्रेकची यादी घेऊन इथे येऊ नका. तंबू, स्टोव्ह, भांडी यांतलं काहीच लागत नाही.

१. आधी महिना ठरवा, मग यादी

सामान महिन्यावर ठरतं. मी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले. मे-जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात सोयीचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये मेसेता नावाचं मधलं पठार तापतं. बुर्गोस ते लेऑनच्या टप्प्यात सावलीला झाड शोधावं लागतं. पहिल्याच दिवशी फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनीज पर्वत ओलांडण्याची जी उंचावरची वाट आहे, ती १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. त्या काळात खालच्या वाल्कार्लोसच्या रस्त्याने जावं लागतं.

एक लक्षात ठेवा. मे महिना असला तरी तुम्ही एका मोसमातून चालत नाही. पहिला दिवस सुमारे १७० मीटरवरून १,४३० मीटरवर चढवतो, तिथे वारा आणि धुकं. मध्ये मेसेताचं ऊन. शेवटी स्पेनच्या वायव्येचा गालिसिया प्रांत, म्हणजे थेट आपलं कोकण: हिरवंगार, ओलं, कधीही सर येईल असं. या तिन्हीसाठी तीन जोड कपडे घ्यायचा मोह होतो. एकाच जोडावर दुसरा चढवायचा, हे त्याचं उत्तर.

ज्यांना पाच-सहा दिवसांचीच रजा मिळते ते सारियाहून सुरुवात करतात. तिथून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी होणं पुरतं. तेवढ्यासाठी या यादीतलंही आणखी कमी करता येईल.

२. कागदपत्रं: वजन कमी, डोकेदुखी जास्त

हा लेख सामानाबद्दल आहे, म्हणून एवढंच:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. उतरणार फ्रान्समध्ये असलात तरी बहुतेक रात्री स्पेनमध्ये जाणार, म्हणून अर्ज स्पेनकडे करायचा. इथे बरेच जण चुकतात.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. शेंगेनसाठी तो लागतोच.
- मुक्कामाचे पुरावे. सरकारी आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, बहुतेक वेळा आगाऊ आरक्षण घेत नाहीत. खासगी आल्बेर्गे आणि छोटी हॉटेलं घेतात, रद्दही करू देतात. अर्जासोबत दिवसवार चालण्याचा तक्ता जोडा. माझा तक्ता बघून खिडकीपलीकडच्या मुलीने 'रोज चालणार?' असं दोनदा विचारलं होतं.
- क्रेदेन्सियाल, म्हणजे यात्रेकरूचा पासपोर्ट. घडीचा पुठ्ठा असतो, सँ-जाँच्या यात्रेकरू कार्यालयात थोडक्या युरोंत मिळतो. मुक्कामाच्या ठिकाणी, कॅफेत, चर्चमध्ये त्यावर शिक्के घ्यायचे. सारियाच्या पुढे रोज किमान दोन शिक्के हवेत. तो भिजू देऊ नका, प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवा.
- या सगळ्याच्या प्रती फोनमध्ये, आणि एक प्रत घरच्यांकडे.

त्याच कार्यालयात रोजच्या चढ-उताराचा आलेख आणि आल्बेर्गेंची यादी कागदावर देतात. मी ४०० ग्रॅमचं मार्गदर्शक पुस्तक घेऊन गेले होते, ते एकदाही उघडलं नाही. वाट चुकण्याची भीती असेल तर तीही सोडा. पिवळे बाण सगळीकडे रंगवलेले आहेत. १९८० च्या दशकात वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी रंगाचा डबा घेऊन ते रंगवायला सुरुवात केली, आणि आजही तेच बाण माणसाला सांतियागोपर्यंत नेतात.

३. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

दुकानात जाण्याआधी हे करा. जे न्यायचं असं वाटतंय ते सगळं पलंगावर मांडा, एकेक वस्तू काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. अंदाजाने लिहू नका. 'हलकंच तर आहे' असं म्हणत मी घेतलेल्या सात वस्तूंचं वजन ऐका: जास्तीचे बूट ७८०, स्टीलची बाटली आणि डबा ६१०, 'चर्चमध्ये जाताना बरा दिसेल' म्हणून घेतलेला कुर्ता आणि लेगिंग ५५०, टर्किश टॉवेल ५२०, ते पुस्तक ४००, छत्री ३००, फुगवायची उशी २४०. बेरीज ३ किलो ४०० ग्रॅम. एकेकटी वस्तू बिचारी निरुपद्रवी दिसते.

चालणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: पाणी-खाणं सोडून सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. मी ५६ किलोची, म्हणजे ५ किलो ६०० ग्रॅम. शंभर किलोच्या माणसाने मात्र 'मला दहा किलोची परवानगी आहे' असा अर्थ काढू नये. त्याचे गुडघे आधीच शंभर किलो वाहतायत. सहा-साडेसहा किलोच्या वर कुणालाच काही लागत नाही, असं माझं मत आहे.

या आकड्यात पाणी धरलेलं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात दुपारचं केळं-पाव. म्हणजे साडेपाचची सॅक चालताना सात किलोची होते.

४. सॅक सगळ्यात शेवटी घ्या

आधी सामान जमवा, मग त्याच्या मापाची सॅक. उलटं केलंत तर मोठी सॅक स्वतःच सामान मागते. ३० ते ३५ लिटर पुष्कळ झाली. माझी ३२ लिटरची, पावसाच्या कव्हरसकट ९८० ग्रॅम. सह्याद्रीत वापरलेली साठ लिटरची जुनी सॅक रिकामीच दोन किलोची निघाली, ती माळ्यावर परत गेली.

दुकानात सॅक रिकामी पाठीवर घेऊन आरशात बघू नका. आत सहा किलो वजन घालायला सांगा आणि वीस मिनिटं दुकानात फिरा. कमरेचा पट्टा कटीच्या हाडावर बसला पाहिजे. वजन कमरेवर यायला हवं, खांद्यावर नाही. बायकांसाठी वेगळ्या बांध्याच्या सॅक मिळतात. मला त्यातलीच बसली.

कव्हर असलं तरी सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला. पाऊस पाठीकडून उतरतो आणि कव्हरला चकवतो. त्या मोठ्या पिशवीच्या आत मात्र छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. पहाटे पाचला वीस माणसं झोपलेल्या खोलीत कुणी त्या चुरचुरवायला लागलं की काय वाटतं, ते पहिल्याच रात्री कळेल. मी फ्रिजमध्ये भाजी ठेवायच्या जाळीच्या पिशव्या नेल्या होत्या. आवाज नाही, वजन नाही, आतलं दिसतं.

५. पाय

इथे पैसे वाचवू नका, आणि वेळही.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून पाय सुजतात. बूट संध्याकाळी विकत घ्यायला जा, चालण्याचेच मोजे घालून. घोट्याच्या वर जाणारे जड, चामड्याचे बूट मे ते सप्टेंबरमध्ये बहुतेकांना नको असतात. वाटेचा बराच भाग मातीचा, खडीचा, आणि नको इतका डांबरी आहे. हलके, जाळीचे ट्रेल रनिंगचे बूट लवकर वाळतात. आत पाणी न शिरणारे बूट ऐकायला छान वाटतात, पण वरून एकदा पाणी शिरलं की दोन दिवस बाहेर पडत नाही.

नवे बूट घालून विमानात बसू नका. निघण्याआधी त्यांतून किमान शंभर किलोमीटर झालेले हवेत, तेही सॅकसकट.

मोजे तीन जोड: एक पायात, दोन सॅकमध्ये. लोकरीचे, मेरिनो मिळाले तर उत्तम. सुती मोजे घाम धरून ठेवतात, आणि ओला सुती मोजा म्हणजे फोडाला आमंत्रण. सकाळी मोजे घालण्याआधी बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलिन भरपूर लावायचं. मी कोकमाच्या तेलाची वडी नेली होती. भेगांना तिच्यासारखं दुसरं नाही, पण ती रात्री लावायची. सकाळच्या घाईत थंडीने दगड झालेली असते. खोबरेल तेलाचंही तेच.

दर दोन तासांनी थांबा, बूट-मोजे काढा, पाय वाऱ्यावर ठेवा. हुळहुळलं की त्याच क्षणी पट्टी लावा. 'पुढच्या गावात बघू' म्हणून मी चार किलोमीटर गेले आणि पुढचे सहा दिवस लंगडले. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायचा जुना उपाय तुम्हाला वाटेत कुणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. फोडावर चिकटवायच्या जेलच्या पट्ट्या स्पेनच्या प्रत्येक फार्मासियात, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळतात. एकदा लावली की आपोआप सुटेपर्यंत ओढून काढायची नाही, नाहीतर सालडं तिच्याबरोबर येतं.

मुक्कामावर बूट दाराशी काढून ठेवावे लागतात, म्हणून सँडल लागतात. मागे पट्टा असलेले, चालण्याजोगे घ्या. फोड आले तर एखादा दिवस त्यांवरच काढता येतो. अंघोळीलाही तेच.

६. कपडे: एक अंगावर, एक वाळत

अंगावर पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, लवकर वाळणारी पँट, कडांची टोपी. सॅकमध्ये दुसरा तसाच टी-शर्ट, दुसरी पँट किंवा लेगिंग, अंतर्वस्त्रांचे दोन जोड, एक पातळ फ्लीस, कानटोपी, हातमोजे, पावसासाठी पोंचो. संपलं.

तिसरा टी-शर्ट का नाही, याचं उत्तर दिनक्रमात आहे. दुपारी दोनच्या सुमारास पोचायचं. आधी अंघोळ, मग धुणं, मग जेवण. हा क्रम मोडू नका, कारण ऊन तुमच्या जेवणासाठी थांबत नाही. अंघोळीनंतर जे घालाल तेच रात्री झोपताना, आणि तेच घालून सकाळी निघायचं. म्हणजे रात्रीचा वेगळा पोशाख उरतच नाही. धुतलेला जोड दुसऱ्या दिवशी दुपारी घालायचा.

धुतलेले कपडे पंच्यात गुंडाळून पिळले की अर्धं पाणी तिथेच जातं. हो, पंचा. हजारभर रुपयांचा ट्रेकिंगचा टॉवेल घेऊ नका. आपला साधा सुती पंचा १३० ग्रॅमचा, तासाभरात वाळतो, आणि अंग पुसण्याखेरीज मानेवर ऊन लागू नये म्हणून, खालच्या बंकला पडदा म्हणून, थंडीत गळ्याभोवती म्हणून चालतो. वर सुतीला एवढी नावं ठेवली तरी पंचा तेवढा अपवाद. आल्बेर्गेत एका जर्मन आजींनी माझ्याकडे तो विकत मागितला.

सकाळी मोजे ओले राहिले तर सॅकच्या पाठीवर टाचून चालायचं. त्यासाठी कपड्यांचे चिमटे नेऊ नका, ते पडतात. मोठ्या सेफ्टी पिना न्या.

पावसाला छत्री की पोंचो? दोन्ही हातात काठ्या असताना छत्री कशी धरणार? पोंचो म्हणजे आपलं इरलंच. माणूस आणि सॅक दोघंही आत. गालिसियात ते अंगावरून तीन दिवस उतरलं नाही. जोराच्या वाऱ्यात मात्र ते शिडासारखं फुगतं, तेव्हा कमरेला नाडी बांधा.

उन्हाबद्दल एक गंमत. तुम्ही महिनाभर पश्चिमेकडे चालता आणि सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून मान, पोटऱ्या आणि डावा हात जळतो, उजवा गोरा राहतो. सनस्क्रीन त्या हिशेबाने लावा. जीन्स नेऊ नका, हे सांगायला नको, पण पहिल्या मुक्कामी, रोन्सेसव्हायेसला, दोन तरुण दोरीवर जीन्स वाळत घालून तिच्याकडे बघत बसलेले मी पाहिले आहेत.

७. झोप, घोरणं आणि ढेकूण

आल्बेर्गेत गादी आणि उशी असते. चादरीच्या जागी पुष्कळ ठिकाणी कागदासारखी, एकदाच वापरायची चादर देतात. ब्लँकेट मिळेलच असं नाही. मे-जून आणि सप्टेंबरमध्ये पातळ स्लीपिंग बॅग हवी; माझी ६२० ग्रॅमची होती. जुलै-ऑगस्टमध्ये नुसतं रेशमी लायनर, म्हणजे पिशवीसारखी शिवलेली पातळ चादर, पुरतं, ते दीडशे ग्रॅमच्या आत मिळतं. उशीचा स्वतःचा अभ्रा न्या. त्यात फ्लीस भरला की दुसरी उशीही तयार.

रात्री दहाला दिवे बंद. घोरणाऱ्यांची जुगलबंदी त्यानंतर सुरू होते. कानातले बोळे दोन जोड न्या, एक हरवतोच. हेडलॅम्प लाल उजेडाचा घ्या, आणि सॅक रात्रीच भरून ठेवा.

ढेकूण, स्पॅनिशमध्ये चिंचेस, हा खरा त्रास आहे, पण भुतासारखी भीती बाळगू नका. सॅक कधीही गादीवर ठेवायची नाही. बहुतेक आल्बेर्गेंत तसा नियमच आहे. पोचल्यावर गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे टॉर्चने बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर ओस्पितालेरोला, म्हणजे तिथल्या सेवेकऱ्याला, सांगा. चावलेच, तर सगळे कपडे आणि स्लीपिंग बॅग ड्रायरमध्ये चांगल्या कडक उष्णतेवर फिरवायच्या. गुपचूप पुढच्या गावाला नेऊ नका.

८. औषधं

भारतीय माणूस इथे सगळ्यात जास्त भरतो. माझ्याकडे सर्दीच्या तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. नेहमीची औषधं पूर्ण मुदतीची न्या, मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. त्याखेरीज दुखण्याच्या दहा गोळ्या, पोट बिघडल्यावरच्या थोड्या, जलसंजीवनीची चार पाकिटं, चिकटपट्टी, छोटी कात्री, एवढं बास. बाकी हिरव्या क्रॉसची पाटी दिसेल तिथे मिळतं.

अंघोळ, केस आणि कपडे यांना एकच साबणाची वडी. ती अर्धी कापून न्या.

९. फोन आणि वीज

स्पेनमध्ये वीज आपल्याइतक्याच दाबाची. फोनच्या चार्जरला दोन बारीक गोल पिना असतील तर तो तिथे चालतो, पण तिथलं सॉकेट खोलगट असतं. चार्जर रुंद, चौकोनी असला तर आत बसत नाही. घरी निमुळता चार्जर असेल तो घ्या. तीन जाड पिनांचा मुळीच नको. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरे. फोन रात्री कुठल्याही भिंतीला एकटा लावून सोडू नका, पॉवर बँक लावा आणि फोन उशाशी ठेवा.

लॅपटॉप नको. मी एक वही-पेन नेलं, १५० ग्रॅम, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

१०. खाणं

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणून आईने दिलेलं साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवा. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, कंटाळा मात्र येतो: पाव, चीज, सॅलड, बटाट्याचं ऑम्लेट, पुन्हा पाव. त्यावर माझा उतारा होता मेतकूट आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, मिळून २०० ग्रॅम. काही आल्बेर्गेंत स्वयंपाकघर असतं, तिथे भात आणि मेतकूट झालं. गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेंत मात्र शेगडी असते आणि भांडी बऱ्याचदा नसतात. म्हणून भांडी वाहायची असा अर्थ नाही. तिथे कॅफेत जा.

आता ती एक गोष्ट. पाम्प्लोनाला मी चहाची पूड आणि छोटी गाळणी एका स्वयंपाकघरात सोडून आले. तीस दिवस कोमट दुधात बुडवलेली चहाची पिशवी प्यायले. गाळणी २५ ग्रॅमची होती. तुम्ही न्या.

पाण्यासाठी साध्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या, अर्ध्या आणि एक लिटरच्या. वाटेत नळ-कारंजी आहेत. 'नो पोताब्ले' अशी पाटी असेल तिथलं पाणी पिऊ नका. पहिल्या दिवशीची पिरेनीजची चढण, आणि कारियोन दे लोस कोंदेसच्या पुढचे १७ किलोमीटर जिथे एकही गाव नाही, या दोन ठिकाणी दोन्ही बाटल्या भरून निघा. एरवी एक लिटर पुष्कळ.

११. विमानात बसताना

एवढी छोटी सॅक बहुतेक विमानांत केबिनमध्ये जाते आणि ती हरवण्याची भीती उरत नाही. पण चालण्याच्या काठ्या, चाकू, मोठी कात्री केबिनमध्ये अडवतात. काठ्या सँ-जाँमध्येच विकत घेतल्या तर प्रश्न मिटतो. काठ्या हव्यातच का? उतारावर गुडघ्यांसाठी, हो. रोन्सेसव्हायेसचा आणि सुबिरीचा उतार त्यांच्याशिवाय उतरू नका.

जाताना चालण्याचे बूट बॅगेत आणि चपला पायात, असं कधीच करू नका. बॅग मागे राहिली तर बाकी सगळं विकत मिळेल, मुरलेले बूट मिळणार नाहीत.

१२. माझ्या सॅकमध्ये शेवटी काय उरलं

सगळे आकडे ग्रॅममध्ये, अंगावरचं आणि काठ्या सोडून:

सॅक ९८०. स्लीपिंग बॅग ६२०, अभ्रा ६०. कपडे, मोजे आणि फ्लीस मिळून ९४०. पोंचो ३१०. कानटोपी-हातमोजे ९०. सँडल ३६०. पंचा १३०. साबण, ब्रश, सनस्क्रीन वगैरे २६०. औषधं आणि पायांचं सामान ३००. चार्जर, वायर, पॉवर बँक ३४०. हेडलॅम्प ७०. कमरेच्या पाउचमध्ये कागदपत्रं आणि पैसे २५०. दोरी, पिना, सुई-दोरा, जाळीच्या पिशव्या १२०. घडीची कापडी पिशवी ५०. मेतकूट-चटणी २००. रिकाम्या बाटल्या ६०. वही-पेन १५०.

ही भरून निघण्याआधी किमान चार तालमी करा. पूर्ण सॅक पाठीवर, लागोपाठ दोन दिवस, रोज पंधरा-वीस किलोमीटर. सिंहगड एकदा चढून उतरणं ही तालीम नव्हे; कामिनोत चढापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठून चालणं जड जातं. तालमीवरून आल्यावर सॅक ओता आणि ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा. पावसाचं आणि औषधांचं सामान तेवढं त्यातून वगळा.

१३. तरीही जास्त झालं तर

तीन वाटा आहेत. पहिली: आल्बेर्गेंमध्ये नको असलेल्या वस्तूंचा खोका असतो, त्यात ठेवा. माझे दोन टी-शर्ट, शाम्पू, अर्धी औषधं असं १ किलो १०० ग्रॅम तिथेच गेलं.

दुसरी: टपाल. स्पेनचं टपाल खातं, कोरेओस, यात्रेकरूंचं पार्सल सांतियागोला पाठवून तिथे सांभाळून ठेवतं. वर सांगितलेल्या त्या सात वस्तू मी पाम्प्लोनाहून अशाच पाठवल्या. पासपोर्ट बरोबर न्या, आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळा बघून जा.

तिसरी: रोजची सॅक गाडीने पुढच्या मुक्कामाला पाठवणं. पाकिटात काही युरो घालून, त्यावर पुढच्या आल्बेर्गेचं नाव लिहून ते सॅकला बांधायचं. आजारी असाल, गुडघा धरला असेल तर खुशाल करा, त्यात कमीपणा नाही. पण बऱ्याच सरकारी आणि देणगीवर चालणाऱ्या आल्बेर्गेंत अशी आलेली सॅक घेत नाहीत. आधी विचारा. लंगडत होते त्या आठवड्यात मी एकदा पाठवली, तर ती त्याच नावाच्या दुसऱ्या धर्मशाळेत उतरली आणि मी रात्री आठपर्यंत ओल्या मोज्यांत बसले. नावाबरोबर पूर्ण पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहा, आणि पासपोर्ट, पैसे, औषधं त्या सॅकमध्ये कधीही ठेवू नका. घडीची कापडी पिशवी अशा दिवसासाठीच.

तिचा आणखी एक उपयोग शेवटच्या दिवशी होतो. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये सॅक घेऊन आत सोडत नाहीत. मला ते दारात कळलं. त्यामुळे चौकात पोचल्यावर फोटो झाले की आधी रुआ दो फ्रांको या गल्लीतलं टपाल कार्यालय गाठा, दोन मिनिटांवर आहे. तिथे सॅक ठेवता येते आणि पाठवलेलं पार्सलही तिथेच मिळतं. माझा कुर्ता त्यातच होता, चुरगळलेला. तोच घालून, क्रेदेन्सियाल कापडी पिशवीत टाकून मी आत गेले.